माझ्यातली ती चिमूट

मी मशेरीची डबी बोलतेय. पोटात तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, अंगानं जुनी पितळेची. मुक्काम बोर्ली पंचतनजवळ, मनुबाईंच्या ओसरीलगतच्या मोरीतल्या फळीवर.

त्यांच्या सुनेला, पूनमला, हल्ली झोप नाही. गालाच्या आत जिभेला खरखरीत पांढरा डाग लागतो. सांगणार कोणाला? ज्या सासूला ती "सोडा ती घाण" म्हणून रोज सुनावते, तिच्याच डबीत तिचंही बोट जातं. लेकीच्या, केसरच्या वेळी पोटुशी असताना दाढ ठणकली, तेव्हापासून. पदवीधर आहे, सगळं वाचते. मला उघडताना आधी दार लावते.

माझा माणसांवर विश्वास कमीच. काही वर्षांपूर्वी कर्करोग संशोधन संस्थेची गाडी आली. बॅटरी लावून बायांची तोंडं पाहिली, माझ्यातली चिमूट पिशवीत भरली आणि गेली. पुन्हा कोणी फिरकलं नाही.

आज त्याच संस्थेच्या प्रणालीबाई ओसरीवर आल्या. "तुमच्या गावावरचा आमचा शोधनिबंध फार गाजला. देशोदेशीचे संशोधक त्याचा दाखला देतात. पण गावात त्यानं काय बदललं, ते पाहायला आलेय."

"गाजला? कुठं गो बाय?" मनुबाई म्हणाल्या. "हितं तर न्हाय ऐकू आला. माझं तोंड परदेशात फिरून आलं, न् मी अजून बोर्लीतच!"

पूनम हसली नाही. "म्हणजे आता पुन्हा आमच्यावर लिहून बढती घेणार?"

प्रणालीबाई ओशाळल्या. "निकाल सांगायला यायला हवं होतं, चुकलंच. या वेळी कोणाला डाग दिसला तर तपासणीला मी स्वतः सोबत नेणार."

मला तेही खोटंच वाटलं. पण त्यांनी हातमोजे घातले, मनुबाईंचे दोन्ही गाल आतून नीट पाहिले. "डाग नाही. तरी सोडा हो, आजी."

"सून पण रोज हेच सांगते."

"घरात आणखी कोणी लावतं?"

"नाही," पूनम म्हणाली. जीभ मात्र गालात त्याच जागी फिरली.

मला भंगारात घाला, भट्टीत वितळवा, माझी तक्रार नाही. पण आधी हिचं तोंड कोणीतरी बघा हो! फळीवरून मी कितीही ओरडले तरी ऐकतंय कोण?

आजीच्या मांडीवरून केसर उतरली. आईचा हात धरून तिला पुढे ओढत म्हणाली, "आता आईचा नंबर. आजी शेतावर गेली की ती पण लावते."