झारिया जागा धरते

कोरीन गिलरीला शाळा दोन होत्या आणि दोन्हीकडे ती पाहुणी होती. सकाळी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मॅग्नेट शाळा. तीही सरकारीच, फी नाही, पण सगळ्या बॅटन रूजमधून मार्कांवर पोरं वेचून घेणारी. तिथं कॅल्क्युलस होतं, लॅटिन होतं, रोबोट बनवायची खोली होती. बास्केटबॉलचा संघ मात्र नव्हता. ज्याला खेळायचंय त्यानं आपल्या वस्तीतल्या शाळेकडून खेळावं, अशी रीत. म्हणून संध्याकाळी कोरीन सायप्रस बेंड हायस्कूलची निळी जर्सी चढवायची.

मॅग्नेटमधली मुलं सुटल्यावर घोळक्यानं अभ्यासाला बसायची, तेव्हा ही बस पकडायला पळत असायची. सायप्रस बेंडला पोचेपर्यंत तिथला सराव निम्मा उरकलेला. वर्गात आज कोण कुणाला काय बोललं, कुठल्या मास्तरांची नक्कल कुणी केली, यावर बाकीच्या पोरी खिदळत असायच्या. कोरीनही हसायची, पण कशावर ते तिला ठाऊक नसायचं. वाईट म्हणावं असं कुणीच नव्हतं. फार तर कुणी ओरडायचं, "ए मॅग्नेट, पास दे की! गणितं घरी सोडव!" नावानं हाक मारायच्या त्या एकट्या कोच, मिस थिबोडो. असला एकटेपणा फार वाईट. भांडावं म्हटलं तर समोर गुन्हेगारच नसतो.

आई लहानपणीच गेलेली. बाप ओविड दूर नॉर्थ डकोटात पाइपलाइनवर वेल्डर. घरी यायचा तो नाताळात आणि उन्हाळ्यात, म्हणजे नेमका सामने नसताना. कोरीन राहायची आत्याकडे. आत्या हॉस्पिटलच्या पाळ्यांनी थकलेली, तिला कुठलं सामने बघायला जमणार? ओविड फोन मात्र रोज करायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला: "आज कुणाशेजारी बसलीस?"

नववीत एकदा तिनं खरं सांगितलं होतं. "कुणाशेजारीच नाही." ओविड तिकडून म्हणाला, "सोड ती शाळा. वस्तीतल्याच शाळेत जा. माझी पोर एकटी बसते म्हटल्यावर इथं माझा घास घशाखाली कसा उतरायचा?"

कोरीनला मॅग्नेट सोडायची नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं बापाला एक मैत्रीण दिली. नाव घ्यायचं तर संघातल्या झारियाचं घेतलं, कारण झारिया पास सुरेख द्यायची आणि हसायची मोकळं. बाहेरगावी सामना असला की झारिया बसमध्ये जागा धरते. झारिया फ्राइज वाटून खाते. झारिया म्हणाली, तुझी उडी हरणासारखी आहे. एकदा थाप मारायची सवय लागली की ती आपसूक वाढते. चार वर्षांत झारिया चांगली नांदती झाली होती.

आणि आता आली सीनियर नाइट. शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंनी घरच्या कोर्टावरल्या शेवटच्या सामन्याआधी आईबापाच्या हातात हात घालून चालायचं, असा तो सोहळा. "एवढ्या लांबून कशाला येतोस?" कोरीननं परोपरीनं सांगून पाहिलं. ओविड ऐकतोय थोडाच! ट्रक हाणत आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आणि काखेत ही मोठी पेटी. त्यात संघासाठी गरम बूदँ, म्हणजे भात आणि मांस भरलेली सॉसेजं, ओप्लूसास गावच्या त्याच्या लाडक्या दुकानातली.

चालणं नीट पार पडलं. निवेदकानं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, ओविडची छाती शर्टात मावेना. सामनाही जिंकला. कोरीनचं लक्ष खेळात होतं कुठं? शिट्टी वाजल्याबरोबर तिनं बापाचा हात ओढला.

"चल बाबा, आत्या वाट बघत असेल."

"थांब गं! झारिया कोणती ती तर दाखव."

"ती गेली बहुतेक."

"गेली कुठं? ही काय इथं!" शेजारचं कुणीतरी उत्साहानं म्हणालं.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो असा चालत येतो. ओविडनं पेटी बाकावर ठेवली आणि झारियाचा हात वेल्डिंगनं भाजलेल्या आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"पोरी, मी कोरीनचा बाप. बसमध्ये तू तिची जागा धरतेस, आपल्या फ्राइज तिला देतेस, सगळं सांगते ती मला. तिकडं मला झोप लागते ना, ती तुझ्यामुळं."

"आमची झारिया?" झारियाबरोबर आलेली तिची आई हसत सुटली. "अहो, ही सख्ख्या भावाला एक फ्राय देत नाही!"

सगळे हसले. झारियानं ओविडच्या खांद्यावरून कोरीनकडे पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं कोरीनला झालं होतं.

"हो, मिस्टर ओविड," झारिया सावकाश म्हणाली. "जागा... धरते मी. चांगली आहे ती."

ट्रकमध्ये बसल्यावर ओविडनं किल्ली हातातच ठेवली.

"पोरगी भली आहे," तो म्हणाला. "ओळख ना पाळख, पण माझ्यासाठी खोटं बोलली."

कोरीन वळून बघायला लागली. "कसं कळलं?"

"आपण चाललो तेव्हाच. बाकीच्या पोरींची नावं घेतली तर त्यांच्या मैत्रिणींनी छप्पर डोक्यावर घेतलं. तुझ्या नावाला टाळ्या पडल्या. ओरडलं कुणीच नाही. म्हटलं, विचारून तर बघू." त्यानं डोळे चोळले. "सगळी चार वर्षं?"

तिनं मान हलवली.

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर शाळा सोडायला लावली असतीस. मला गणितही हवं होतं आणि बॉलही."

"आणि?"

"आणि काही नाही." तिचा आवाज चिरकला. "मी दारातून आत शिरले की कुणीतरी नुसतं म्हणावं, 'आलीस का?' एवढंच वाटायचं."

"ते मी म्हणायला पाहिजे होतं गं," ओविड म्हणाला, आणि तो आडदांड माणूस स्टीअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. कोरीननं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.