गाळायची कारणं

हळद कशानं चांगली उतरते, यावर परभणीत माझं संशोधन चाललं होतं. शेतं वीस आणि मोजलेली कारणं साठ: माती, पाणी, बेणं, काय न् काय. कॉम्प्युटरनं विसाच्या वीस शेतांचा हिशेब तंतोतंत जुळवून दिला, तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. पुढच्याच शेतावर ते सूत्र तोंडघशी पडलं. सर म्हणाले, घटना थोड्या आणि कारणं फार असली की काहीही जुळतं, आधी कारणं गाळ. पण माझा हात धजेना.

त्याच सुमारास, मार्च २००२ मध्ये, नमुने घ्यायला कुरुंद्याला थोरल्या बहिणीच्या, अंजलीताईच्या, सासरी गेले. दारापुढे हळद शिजत होती. वाफेत शेळ्या, माणसं, समोरची घरं, सगळं विरघळत चाललं होतं आणि आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळेना.

ताई आत भिंतीला टेकून बसली होती. तिला चौथ्यांदा दिवस गेले होते. आधी तीनदा गर्भ पडला होता. दर वेळी सासूबाई, अनुसयाबाई, नवी बंदी घालत: पपई नको, विहीर नको, व्यालेली शेळी नको, हळदीच्या कढईजवळ तर नकोच. जुनी बंदी मात्र एकही उठत नसे. बाई मायाळू, पण कारणं जमवण्यात माझ्या वरताण.

मी हसत ताईला तेच सांगितलं. घटना तीन आणि कारणं ढीगभर, म्हणून सगळी जुळतात आणि खरं एकही ठरत नाही. नांदेडच्या डॉक्टरीणबाई तपासतायत, त्यांचं तेवढं ऐक.

ती हसली नाही. डोळे मिटूनच बोलली.

"एक कारण सासूबाईंना ठाऊक न्हाई, राधे. पहिल्या बारीला मला लेकरू नको होतं. देवाला मी तसं म्हणले होते."

इतकी वर्षं ही एकटीच हे उरावर घेऊन बसली होती.

"अन् मागची दोन?"

"लई हवी होती."

"तरी गेलीच ना? तेबी गाळ, ताई. सगळ्यात आधी तेच गाळ."

वाफ आत येऊन तिच्या चेहऱ्यावरून फिरत होती. मग तिनं पोटावर हात ठेवला.

"ह्या बारीला भेवानं काहीच मागितलं न्हाई," ती म्हणाली. "आता मागू का?"