थाल्लुसाचा हात

टाकसाळीत ठसा उलटा कोरावा लागतो. कोरणी माझ्या उजव्या हातात, म्हणून डावा हात समोर धरायचा आणि दिसेल तसा कोरायचा. चांदीवर तो उजवा उमटतो. दुसऱ्याचा हात हवा असला की माझी बायको थाल्लुसा आपला डावा हात पुढे करायची. "लवकर उरका, मसूर करपतोय," असं ओरडत का होईना, करायची. पण नाण्यावरच्या देवीचा हात तो केवढा? मोहरीएवढा.

गेल्या हिवाळ्यात ती तापाने गेली. आणि वसंतात हुकूम आला: सैन्यातली एकी दाखवायला नव्या दिनारावर एकमेकांत गुंफलेले दोन हात, अख्खं नाणं भरून.

घण मारणाऱ्या प्रिमिओकडे मी हात मागितला. तो दोन पावलं मागे सरला.

"डावा हात? हर्मिआसबाबा, पोरीचं लग्न तोंडावर आलंय माझ्या. अपशकुन कशाला?"

"लग्न तिचं आहे, हात तुझा मागतोय."

"त्यापेक्षा घरात बाई आणा की एखादी!"

त्याच्या तोंडी कोण लागणार? मी मनाशी ठरवलं, एक हात माझा, दुसरा थाल्लुसाचा, आठवून कोरायचा. तिच्या राखेवरच्या दगडावर नुसतं नाव आहे. हात तरी राहील, माझ्या हातात. आठ दिवस मी खपलो. रोज संध्याकाळी घरी जायचो, पाव-चीज खायचो आणि तिच्याशी बोलल्यासारखं बोलायचो. 

नवव्या दिवशी प्रिमिओने घण घातला. पहिला दिनार मुकादमाने उचलला.

"वा! दोघं अगदी तुल्यबळ वाटतात. यालाच म्हणतात एकी."

प्रिमिओने मान वाकडी करून पाहिलं. "तुल्यबळ कसले? दोन्ही अंगठ्यांचा सांधा तुमच्यासारखाच सुजलेला. बाबा, तुम्ही स्वतःशीच हात मिळवलाय!"

सगळे हसले. मी नाणं घेतलं. तिचा म्हणून कोरलेला हात नख न् नख माझाच होता.

"नवा ठसा कोरतो," मी म्हणालो.

"कशाला? हाच चालेल," मुकादम म्हणाला.

"मला चालणार नाही."

"मग सांग, काय बदलणार?"

मी डोळे मिटले. तिची करंगळी वाकडी होती. की शेजारचं बोट? मला आठवेना.

"राहू दे," मी म्हणालो.