अबोलीच्या नावाचा भोंगा

झरीच्या पुढच्या त्या गावात बजरंगला कुणी विचारलं नव्हतं, की बाबा, शाळेला भोंगा दे. पण माणसाला मोठेपणाची खाज सुटली की बायकोचं ऐकायला कान राहत नाहीत!

त्याची लेक अबोली आठ वर्षांची. परभणीच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला तेव्हाच बजावलं होतं, हा रोग नव्हे, पोरीची घडणच निराळी आहे. मोठा आवाज तिला चटक्यासारखा लागतो. राजेश्रीनं, तिच्या आईनं, ते मनात पक्कं धरलं. बजरंगनं नुसती मान हलवली.

दोनदा शाळेतून घरी पाठवलेली पोर शेवटी अर्पिताबाईंच्या वर्गात टिकली. बाईंनी काही जादूबिदू केली नाही. परिपाठ संपल्यावर तिला आत घेतलं, दाराजवळ बसवलं, पुढ्यात सरकीचा डबा ठेवला. जीव घाबरला की अबोली सरकीत हात खुपसून बसायची, मग आपली आपण पाटी घ्यायची. दिवाळीपर्यंत ती स्वतःचं नाव लिहायला लागली. ती पाटी बघून राजेश्री ढसाढसा रडली होती.

गावात मात्र 'बजरंगची येडी' हेच नाव. ते बजरंगच्या काळजात रुतलेलं. वाढदिवसाला शाळेला कुणी घड्याळ देतं, कुणी पंखा. यानं ठरवलं, लेकीच्या नावानं भोंगा द्यायचा.

"आवो, तिला कुकरची शिट्टी सोसत न्हाई, अन् तुमी भोंगा द्यायलात?" राजेश्री म्हणाली.

"तू गप बैस. लय हसलेत लोक. आता तिचं नाव रोज समद्या गावानं ऐकावं."

"ती शाळेत बसायलीय, तेवढं पुरं न्हाई का?"

ऐकतो कोण!

वाढदिवसाला फेटा बांधला, नारळ फुटला. मुख्याध्यापक दिनकररावांनी बटण अबोलीच्याच हातानं दाबून घेतलं. अर्पिताबाई "नको सर, नको" म्हणत पुढं धावल्या, तोवर भोंगा कडाडला. पोर किंचाळली, भिंतीवर डोकं आपटायला लागली, धरायला गेलेल्या दिनकररावांच्या मनगटाला कडकडून चावली. पोरं हसली. बजरंग फेट्यासकट उभाच. मेल्याला लेकीला उचलायचंसुद्धा सुचलं नाही. राजेश्रीनं उचलली.

त्यानंतर परिपाठ, घंटा, सूचना, सगळं भोंग्यावर. शाळेचं वळण आलं की अबोली रस्त्यातच बसकण मारायची. घरी पाटी दिली तर अंगठ्यानं नुसती पुसत राहायची. महिन्याभरात नाव लिहिणंही हातातून गेलं.

राजेश्री दिनकररावांकडं गेली. "सर, तेवढा भोंगा काढा. माझी पोर परत येईल."

"दिलेली वस्तू अशी कशी काढू, ताई? बजरंगरावांनी सांगू द्या, आज काढतो."

ती तशीच तरातरा घरी आली. "एक शब्द बोला सरांना. तुमच्या पाया पडते."

बजरंगनं मान खाली घातली. "आपणच दिलेला काढा म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? गाव शेण घालंल."

 राजेश्रीनं दप्तरातून पाटी काढली आणि फळीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता भोंगा रोजच्यासारखा खरखरला. "कुमारी अबोली बजरंग गरुड हिच्याकडून शाळेस सप्रेम भेट!" बजरंग अंगणात उभा राहून ऐकत होता. आत, ज्वारीच्या पोत्यांमागं, कुमारी अबोली कान दाबून बसली होती.