बिल्डमधली हाक

रुचिराने बिल्ड पुन्हा चालवला, आणि फाइल पुन्हा तीन सेकंदांनी लांब निघाली.

धरणातून पाणी सोडण्याआधी नर्मदेच्या घाटांवर भोंग्यातून इशारा देणारं सॉफ्टवेअर तिची छोटी कंपनी करत होती. इशाऱ्यातला आवाज चंद्रशेखर अण्णांचा. रेल्वेतून निवृत्त होऊन अण्णा या कंपनीत आले, चौदा हिंदी वाक्यं आपल्या आवाजात भरून ठेवली आणि होळीनंतर अचानक वारले. ती वाक्यं जोडून एक फाइल बांधायचं काम बिल्ड नावाच्या प्रोग्रामचं. रोज सकाळी अकराला तो आपोआप सुरू व्हायचा, कोड गोळा करायचा, वाक्यं क्रमाने लावायचा, शेवटी लांबी तपासायचा. लांबी चुकली की लाल खूण. तीन दिवस लालच येत होती.

"जुनं काहीतरी साठून राहिलं असेल," शेजारी बसणारा अतुल म्हणाला. "सगळं पुसून नव्या मशीनवर चालव ना."

तिने तेही केलं. चौदा तुकडे एकेक करून मोजले: एकशे बारा सेकंद. जोडल्यावर एकशे पंधरा. यादीत पंधरावा तुकडा कुठेच नव्हता.

मग तिने हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं. "कृपया नदी से दूर रहें," अण्णा म्हणाले. तिथे संपायला हवं होतं. पण तोच आवाज पुन्हा आला, इशाऱ्याचा नव्हे, घरातला: "शकु, वर ये गं."

रुचिराने फाइल थोडी मागे नेली. तिने हेडफोन अतुलच्या कानाला लावला. त्याचा चेहरा उतरला.

"रेकॉर्डिंगला मीच बसलो होतो समोर. अण्णा मराठीत एक शब्द बोलले नाहीत."

ऑफिस सुटल्यावर ती चेरीताल मोहल्ल्यात अण्णांच्या बायकोकडे, मीराकाकूंकडे गेली. काकू मेथी निवडत होत्या.

"काकू, शकु कोण?"

काकूंचे हात थांबले. "ह्यांची धाकटी बहीण. नऊ वर्षांची होती. तिलवाऱ्याला, घाटाच्या पायऱ्यांवर खेळता खेळता पाण्यात गेली, सापडलीच नाही. हे वरच्या पायरीवर उभे होते. हाक मारायला तोंड उघडलं, अन् आवाजच फुटला नाही म्हणे. लग्नानंतर एकदाच बोलले. काहून विचारून राहिली तू?"

"सहज," रुचिरा म्हणाली. फाइल ऐकवायची तिची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिलवाऱ्याच्या भोंग्याची चाचणी होती.

"शेवटचे तीन सेकंद कापून टाक," अतुल म्हणाला. "एका ओळीचं काम आहे."

"नाही कापत."

"लांबीच्या तपासणीत अडकेल."

"आजच्यापुरती ती तपासणी बंद करते." आणि तिने केली.

भर दुपारी घाटावर चिटपाखरू नव्हतं. रुचिरा पायऱ्यांच्या मध्यावर उभी राहिली. आवाज नीट पोचतो का, हे खांबावरच्या माइकमधून अतुल ऑफिसात ऐकत होता. भोंगा सुरू झाला. चौदा वाक्यं झाली. मग अख्ख्या पात्रावरून हाक गेली: "शकु, वर ये गं."

तिचा फोन वाजला.

"रुचिरा, तिथे कोणी लहान मूल आहे का?" अतुल कुजबुजत होता.

"कोणीच नाही."

"पावलं ऐकू येऊन राहिली. ओली. पायऱ्या चढून राहिलं कोणी तरी."

तिने खाली पाहिलं. दगड कोरडे ठणठणीत.

"तुझ्याजवळ आलं," अतुल म्हणाला. तिच्या उजव्या हाताला गार हवा लागून गेली, विहिरीत वाकल्यावर लागते तशी. "गेलं पुढे. वर गेलं."

दुसऱ्या दिवशी अकराला तिने तपासणी पुन्हा सुरू केली. एकशे बारा सेकंद. हिरवी खूण. त्या संध्याकाळी तिने जाऊन काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी आतल्या खोलीकडे पाहिलं.

"काल दुपारी माझा डोळा लागला होता," मग त्या म्हणाल्या. "आतल्या खोलीत कोणी तरी दोघं बोलून राहिले होते. हसत होते. मी म्हटलं, शेजारचा टीव्ही असेल."