तळ्यातला पहाटेचा जप

कासार आंबोलीच्या तळ्यावर पहाटेच एवढी गर्दी व्हायची, की उशिरा आलेल्याला माणसांच्या पाठीच तेवढ्या दिसत. पाण्यावर रोहू मासे तोंडं वर काढून सारखी उघडझाप करत असत आणि काठावर मत्स्यानंद महाराज बोट वर करून सांगत, "ऐका, रामनाम चाललंय." ऐकू कुणालाच येत नसे, पण तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. तळं पंचायतीचं होतं, मासे सगुणाबाई भोईणीचे. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड बेताबेतानं टाकून तिनं ते वाढवले होते. महाराजांनी येताच पेंड तामसी ठरवली आणि मंत्रचारा काढला. म्हणजे पीठ, गूळ, तूप आणि त्यांच्या धुनीतली राख यांचे लाडू. "जितका चारा घालाल तितका जप वाढेल," असं ते म्हणाले आणि तो खरंच वाढला. मग गावानं टोपल्याच ओतायला सुरुवात केली. भक्तांना जाळ्यात कसं धरायचं, म्हणून कोंडाजी पाटलांनी मासेमारीही बंद केली.

सगुणाबाई माझ्या शाळेच्या दारात येऊन बसली. "मास्तर, माझं मासं साधू झालं. आता मी काय खाऊ? त्यातलं रोज मरत्यात बी. म्हाराज म्हनतो, मोक्ष मिळाला."

मला राग आला. तळ्यावर जाऊन पाहिलं, तर त्या मोक्षाला आंबलेल्या पिठाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे गर्दीसमोर मी दोन बादल्या मांडल्या.

"मास्तर, ह्यो काय खेळ मांडलाय?" पाटलांनी विचारलं.

"दीक्षा देतोय," मी म्हणालो.

एका बादलीत तळ्याचं पाणी भरून त्यात सगुणाबाईनं ओढ्यातले मासे सोडले. दुसरीत ओढ्याचं ताजं पाणी भरून त्यात तळ्यातले जपी मासे सोडले. थोड्याच वेळात ओढ्यातले नास्तिक वर येऊन जपाला लागले आणि महाराजांचे शिष्य तळाशी जाऊन गप्प बसले.

"आरं, ह्ये तर गप झालं की," पाटील पुटपुटले.

महाराज डगमगले नाहीत. "हा तीर्थाचा प्रताप. तळ्याचं पाणीच पावन झालंय."

मी त्याच पाण्याचा तांब्या भरून पुढे केला. "मग आधी आपण घ्या."

महाराजांना नेमका त्या दिवशी निर्जळी उपवास निघाला. लोक हसायला लागले, तेव्हा मी बोललो.

"माशालाही श्वास लागतो. पाण्यात विरघळलेली हवा तो घेतो. जास्तीचा चारा कुजला की ती हवा संपते. पाण्यातलं शेवाळही रात्रभर तीच वापरतं, म्हणून पहाटे ती सगळ्यात कमी असते. हे मासे जप करत नाहीत, गुदमरतायत. चारा वाढला की तोंडं वर येतात, एवढंच महाराजांना ठाऊक आहे."

पाटलांनी स्वतः फावडं उचललं आणि ओढ्याचं पाणी तळ्याकडे वळवलं. मंत्रचारा बंद झाला, तळं निवळलं आणि मासे खाली गेले. महाराज कधी गेले ते कुणी पाहिलं नाही.

पुढे सगुणाबाईचं जाळं पुन्हा पाण्यात पडलं, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक पाटीलच होते. "बाई, जप न केलेला बघून दे."

"ह्यातलं एकबी देवाचं नाव घेत न्हाई, पाटील. बिनघोर कालवण करा."

वाचकहो, चमत्कारापुढे हात जोडायला माझी ना नाही. पण आधी जरा जवळ जाऊन वास घ्या, दोन बादल्या मांडून बघा. आणि चमत्कार करणाऱ्याला त्याच पाण्याचा एक तांब्या द्या.