उजव्या कोपऱ्यातला चौकोन

मित्रांनो, कबड्डीचा सामना पाहताना तुमचे डोळे खेळाडूंवर असतात आणि ते योग्यच आहे. आज मात्र थोडा वेळ त्यांच्या पायांखाली पाहा. तेथे मी आहे. मी एक जुना चौकोनी तुकडा आहे, कबड्डीच्या मॅटचा.

माझा जन्म कारखान्यात झाला. फोमचा जाड थर तापवून, दाबून, साच्याने कापण्यात आला आणि माझ्या चारही कडांना दाते पाडण्यात आले. हे दाते शेजारच्या तुकड्याच्या खाचांत घट्ट बसतात आणि आम्हा सगळ्यांचे मिळून एक मैदान होते. एकट्या तुकड्यावर फार तर चप्पल काढता येते.

लालबागमध्ये मसाल्याच्या दुकानांमागे एका क्रीडा मंडळाची पत्र्याची शेड आहे. तेथील मातीच्या मैदानावर लाकडी फळ्या ठोकून आम्हाला अंथरण्यात आले. प्रशिक्षक राजाराममामा कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहत राहिले.

“ही गादी कशाला आणलीत रे? पोरींनी खेळायचं की झोपायचं?”

सगळे हसले. दुसऱ्याच दुपारी मामा स्वतः माझ्यावर डोके टेकून घोरत होते.

माझ्या वाट्याला उजवा कोपरा आला. चढाई करणारी खेळाडू एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत आत येते, कोणाला तरी स्पर्श करते आणि मध्यरेषेपलीकडे परतू पाहते. तिला कडेने निसटू न देणे, तिचा घोटा पकडून तिला जागीच थांबवणे, हे कोपरारक्षकाचे काम. मधल्या खेळाडूची चूक कोपरा सावरू शकतो. कोपऱ्याची चूक सावरायला मागे फक्त रेषा असते.

मला सगळ्यांत नीट कळते ते वजन. उतावळी कोपरारक्षक झेपावण्याआधीच टाच उचलते. घाबरलेलीचा भार मागच्या पायावर जातो. जिला खरेच थांबता येते, तिची दोन्ही पावले माझ्यावर शांत असतात आणि जोर फक्त शेवटच्या क्षणी येतो. अशी पावले मला फार थोडी भेटली. त्यांतली एक जोडी रुचिकाची होती.

रुचिका ही लालबागच्या बाजारात मासळी विकणाऱ्या शेवंताबाईंची मुलगी. लहानपणापासून ती आईबरोबर बाजाराच्या ओल्या लादीवर उभी राहिली होती. कॉलेजच्या संघात ती उजव्या कोपऱ्यात खेळायची आणि सराव मामांकडे करायची. मिरची कुटण्याच्या यंत्रातून तिखट धूळ उठली की चढाई करणाऱ्या मुली शिंकून दम सोडत आणि बाद होत. रुचिका नाक मुरडून म्हणायची, “मामा, मला पकडायची गरजच नाय, मिरचीच पकडते!”

मग तिचे कॉलेजचे शेवटचे वर्ष आले. शेवंताबाईंनी सरळ सांगून टाकले होते, “या वर्षी मोठ्या संघात निवडलं तर खेळ गो. नाय तर परीक्षा झाली की आत्याच्या ऑफिसात चिकटायचं. मग सकाळ-संध्याकाळ सराव नाय.” रुचिकाने ते मान्य केले होते.

एका व्यावसायिक महिला संघाला उजवी कोपरारक्षक हवी होती. जागा एकच होती. त्या संघाच्या वतीने ऋता मॅडम महाविद्यालयीन खेळाडूंची पारख करीत फिरत होत्या. त्यांच्या यादीत शेवटी दोन नावे उरली, परळच्या कॉलेजची रुचिका आणि दादरच्या कॉलेजची श्रेया. दोघींना एकमेकींविरुद्ध खेळताना पाहता यावे म्हणून आमच्या शेडमध्ये सामना ठरला.

मित्रांनो, त्या दिवशी मामांनी जे केले, ते केवळ प्रेमापोटी केले. मातीच्या मैदानावर मोठ्या सामन्याआधी आपल्या लाडक्या खेळाडूच्या जागेपाशी नारळ फोडायचा, ही त्यांची जुनी रीत होती. त्यांनी माझ्या कडेला दगड ठेवला, हात जोडले आणि नारळ फोडला. पाणी माझ्यावर आले. खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी ते पुसले आणि समाधानाने जाऊन बसले.

माती पाणी पिऊन टाकते. मी पीत नाही. मी वरून कोरडा दिसत होतो, पण पाणी माझ्या दात्यांच्या सांध्यात उतरले होते. वजन पडताच ते वर येणार होते, हे मला कळत होते आणि सांगता येत नव्हते.

पहिलीच चढाई. समोरच्या मुलीने पाय आत टाकला, रुचिका घोट्याकडे झेपावली आणि जोर देणारा तिचा पाय माझ्यावरून सटकला. ती कोपरावर आपटली. समोरची मुलगी गुण घेऊन परत गेली.

“अरे, कोपरा उघडा पडला!” प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले. ऋता मॅडमनी वहीत काहीतरी टिपले.

पंचांनी मला पुसून घेतले. पुढच्या चढाईत पाणी पुन्हा वर आले. आता मामांच्या लक्षात आले. ते ताडकन उठले, चेहरा पांढराफटक.

“पोरी, माझा नारळ गो...”

“मामा, बसा तुम्ही,” रुचिका हळूच म्हणाली. “बाजारात रोज याच्यापेक्षा जास्त ओलं असतं.”

आणि ती माझ्यावरून उतरली. अर्धे पाऊल आत, शेजारच्या कोरड्या तुकड्यावर उभी राहिली. मला रिकामे वाटले, पण तिचे बरोबर होते. तेथून घोटा लांब पडत होता, म्हणून तिने झेपावणे सोडले. ती थांबू लागली. समोरची परत फिरेपर्यंत थांबायची, मग शेजारणीचा हात धरून आडवी यायची आणि वाट बंद करायची. एक पकड झाली. मग आणखी एक.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आता माझ्यावर श्रेया उभी राहणार होती. रुचिकाला फक्त गप्प बसायचे होते. जागा एकच होती, हे तिला ठाऊक होते. ती काही क्षण मध्यरेषेवर रेंगाळली, मग वळून परत आली.

“श्रेया, त्या कोपऱ्यात सांध्यातून पाणी येतंय. अर्धं पाऊल आत उभी राहा.”

श्रेयाने भुवया उंचावल्या. “वा! मला जागेवरून हलवायला बघतेस?”

“मग हात लावून बघ ना, बाई.”

श्रेया वाकली. तिने तळहाताने मला दाबले आणि तिची बोटे ओली झाली. तिने रुचिकाकडे पाहिले आणि ती अर्धे पाऊल आत सरकली. त्यानंतर ती सुरेख खेळली. सामना तिच्या संघाने जिंकला.

शेड रिकामी होऊ लागली तेव्हा ऋता मॅडम माझ्यापाशी येऊन बसल्या आणि त्यांनीही मला दाबून पाहिले.

“इथं काय सांडलं होतं?”

“माझी अक्कल,” मामा मान खाली घालून म्हणाले. “नारळ फोडला मी. पोरीचा काही दोष नाही, मॅडम.”

मॅडम हसल्या. त्यांनी रुचिकाला बोलावले. “तुझ्या घोट्याच्या पकडी मी चित्रणात पाहिल्या होत्या. कॉलेजवाले चांगल्या पकडीच पाठवतात. पहिली फसल्यावर कोपरा काय करतो, हे त्यात दिसत नाही. ते आज दिसलं. बाकी कळवते.”

निरोप आला तेव्हा रुचिका मामांसमोर माझ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. निवड तिची झाली होती. तिने आईला फोन लावला. पलीकडे बाजाराचा गलका होता. त्यावरून आवाज चढवून शेवंताबाई म्हणाल्या, “घरी ये गो. पापलेट ठेवलाय तुझ्यासाठी.”

थोड्याच वेळात श्रेयाचाही फोन आला. “अभिनंदन. आता तिथंही अर्धं पाऊल आत उभी राहा.” दोघी हसल्या, पण रुचिकाचे हसू लवकर विरले. श्रेयाला ती जागा किती हवी होती, हे रुचिकाइतके कोणाला कळणार?

मामांनी नारळ आणला. या वेळी तो त्यांनी शेडबाहेर, गटाराच्या कडेला फोडला. मग आत येऊन, एक थेंबही सांडला नसताना, गुडघे टेकून ते मला पुसू लागले.

आता माझे दाते झिजले आहेत, लवकरच माझ्या जागी नवा तुकडा येईल. मला त्याचे दुःख नाही. माझे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. ज्या वस्तूवर कोणी विश्वासाने पाऊल टाकणार आहे, ती नुसती वरवर पुसू नका. मामा आता करतात तसे करा. तुकडा उचला, सांधा उघडा, तो कोरडा करा आणि मगच खेळाडूला म्हणा, “ये, उभी राहा.”